अर्धी लाल पळी, अथवा गव्हाण्यांच्या अनसूयेने पूल बांधिला त्याची हकीकत

॥ श्री ॥ जस्त झिजो, तांबे वाढो, सुई हलो, आणि ज्यांस परीक्षेस बसणे आहे त्यांची उजळणी वेळेत होवो. शके अठराशे अठ्ठ्याऐंशी, पराभव नाम संवत्सर. संवत्सराचे नावच असे पडले, तेव्हा त्या साली इंटर सायन्सला बसणाऱ्यांनी पंचांग न उघडलेलेच बरे. ते समयी नदीकाठी एक राज्य होते. त्याचे नाव लिहावयाचे प्रयोजन नाही. जे तेथे नांदले ते जाणतात, आणि जे नांदले नाहीत त्यांस सांगून काय होणार. राज्यात एक कॉलेज होते आणि कॉलेजच्या मागे मुलींचे वसतिगृह होते, त्यास अवघे लोक गड म्हणत, कारण आत शिरणे सोपे आणि बाहेर पडणे मुश्कील. गडास एकच दरवाजा, तो दिवेलागणीस बंद होई आणि मग खुद्द कुलगुरू आले तरी उघडत नसे, ऐशी ख्याती होती. गडावर लोखंडी खाटा होत्या, त्यांची करकर ज्यांनी ऐकिली त्यांच्या कानांत ती अद्याप आहे. न्हाणीघरात तांब्याचा बंब होता, भिंतीवर एकच आरसा होता, आणि त्या आरशापुढे सकाळी वेण्या घालणाऱ्या फौजेची जी गर्दी होई ती वर्णावयास वेगळी बखर लागेल.

गडाच्या किल्लेदारीण म्हणजे रेक्टर सुलोचनाबाई रेवडेकर. बाईंचा अंमल कडक. पांढरे पातळ नेसत, कमरेस किल्ल्यांचा जुडगा खोवीत, पायांत रबरी सपाता घालीत. त्या सपातांचा आवाज नव्हता, तेव्हा बाई कोठे प्रकट होतील याचा भरवसा कोणी देऊ शकत नसे. बाई रोज पहाटे पूजा करीत, आणि पूजेत त्यांच्या मातोश्रींची तांब्याची पळी असे. ती पळी वर्षांनुवर्षे काळवंडून गेली होती. भागाबाई, जी गडाचा मुदपाकखाना सांभाळी, ती एकदा चिंच घेऊन पुढे जाहली, तेव्हा बाईंनी हात धरिला आणि म्हणाल्या, "भागाबाई, आईची पळी आहे. घासघासून झिजवायची नाही. काळी तर काळी." त्या दिवसापासून पळीस चिंच लागली नाही. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढील सर्व राजकारण या पळीभोवती फिरले.

आता गडाच्या दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्याच्या खोलीत अनसूया गव्हाणे राहत असे. तिचे वडील कालव्यावर पाटकरी होते, म्हणजे शेतांना पाळीपाळीने पाणी सोडीत, आणि त्यांच्या गावातून सायन्सला आलेली मुलगी म्हणजे ही पहिली. अनूचे एकच शस्त्र होते आणि ते म्हणजे पाठांतर. तिने मराठी शाळेत पाढे पाठ केले, हायस्कुलात सनावळ्या पाठ केल्या, आणि कॉलेजात आल्यावर रसायनशास्त्रही तसेच धरिले. पुस्तकातील सोडविलेली गणिते ती जात्यावर ओव्या म्हणाव्या तशा चालीवर म्हणे. "दहा ग्रॅम चुनखडी तापविली गं बाई, चार पूर्णांक चार ग्रॅम वायू निघाला," ऐसे म्हणत ती वेणी घाली, आणि शेजारच्या खोल्यांतील मुलींसही ते गणित नकळत पाठ होई. कोणास वाटावे की हिचा पराभव कोण करणार. परंतु पूर्वपरीक्षेच्या रणात गनिमाने कावा केला. कागदावर चुनखडी आली खरी, पण दहा ग्रॅम न येता पंचवीस ग्रॅम आली. अनूने प्रश्न पाहिला, चुनखडी ओळखिली, हर्ष जाहला, आणि तिने ओवी जशी होती तशी उतरविली, आणि शेवटी चार पूर्णांक चार ग्रॅम लिहून त्याखाली दोन रेघा ओढिल्या. पुढील सर्व गणितांत हेच जाहले. विद्युतघटाच्या प्रश्नात तर तिने आकृती काढिली, परंतु दोन पेल्यांमधला पूल काढावयाचा राहिला, कारण ओवीत पूल बसत नव्हता.

मग प्रोफेसर वाळिंबे यांनी तिला बोलाविले. वाळिंबे म्हणजे रसायन खात्याचे सरलष्कर. चष्मा जाड, आवाज बारीक, आणि कोटास तेजाबाची इतकी भोके की थंडीत त्या कोटाचा उपयोग काय हे कोणी विचारीत नसे. त्यांनी उत्तरपत्रिका पुढे ठेविली आणि विचारिले, "गव्हाणे, चुनखडी अडीच पट घेतली आणि वायू तेवढाच निघाला?" अनू म्हणाली, "हो सर." सर म्हणाले, "मग बाकीचा वायू कुठं गेला? तुमच्या वसतिगृहात राहायला?" अनू उत्तराखालच्या दोन रेघांकडे पाहू लागली. सर म्हणाले, "बाकी सगळं तुझं पाठ आहे. पाठच आहे, हीच तर पंचाईत. गणितं आणि विद्युतघट, या दोन प्रकरणांची तुझी फेरपरीक्षा घेईन. पास झालीस तर युनिव्हर्सिटीला तुझा फॉर्म पाठवीन. नाही झालीस तर यंदा बसू नकोस. उगीच बसून कपाळावर शिक्का कशाला?" अनूने मान हलविली आणि ती गडावर परतली, आणि जिन्यात बसून रडली, आणि मग रुमाल धुऊन वाळत घातला.

येथे सांगावयास हवे की ही लढाई एकट्या अनूची नव्हती. संक्रांतीच्या सुमारास दादा गव्हाणे लेकीस भेटावयास आले होते आणि बरोबर धाकटी शेवंता आली होती. गडाच्या दरवाजाशी, पाहुण्यांच्या बाकड्यावर, दादांनी तिळाचा डबा उघडिला आणि म्हणाले, "अने, मी काही शिकलेला नाही. पाण्याचं कसं, एका शेताचं भिजलेलं बघितलं की दुसऱ्याचं दार उघडायचं. तू यंदाची इंटर काढलीस तर शेवंताचंही नाव घालू कॉलेजात. तू अडकलीस तर मग तिला शिवणाच्या क्लासला घालतो. गावातले लोक आत्ताच विचारतात, पोरगी काय दिवे लावते तिकडं?" दादा पाणी प्यावयास गेले तेव्हा शेवंता कानाशी लागली आणि म्हणाली, "अक्का, पास हो बाई. मला सुईत दोरा ओवता येत नाही. मागच्या वेळी मी परकराला बाही शिवली." अनू हसली होती. आता जिन्यात तिला ते आठविले आणि हसू आले नाही.

त्या रात्रीची खलबते न सांगता दुसऱ्या सकाळची सांगतो. अनूच्या खोलीत जुबेदा काझी राहत असे. ती रत्नागिरीकडची, खाडीकाठच्या गावची. तिचे मामू आगबोटीवर होते आणि दर सुट्टीत तिला काहीबाही आणून देत. गणितात जुबेदाचा हात कोणी धरीत नसे, परंतु चित्रकलेत तिने बेडूक काढिला तर बटाटा दिसे. तेव्हा दोघींत तह जाहला. अनूने जुबेदाच्या जर्नलमधील सर्व पाने, फुले आणि बेडूक काढून द्यावे, आणि जुबेदाने अनूस गणित शिकवावे, आणि अनूने चालीवर काही म्हणू नये. शेवटचे कलम पाळणे फार कठीण गेले. जुबेदा म्हणाली, "हे बघ, मेसमध्ये एका ताटाला काय लागतं?" अनू म्हणाली, "दोन पोळ्या, एक वाटी आमटी." "भागाबाईकडं पोळ्या भरपूर आहेत, आमटी संपली. किती ताटं होतील?" "आमटी असेल तेवढीच. रोजचंच आहे हे." "मग तेच गणित आहे. आधी संपेल त्याच्यावर ताटं मोजायची. आणि ताटं अडीच पट झाली तर आमटीही अडीच पट लागेल की नाही?" अनू उठून उभी राहिली आणि म्हणाली, "म्हणजे पंचवीस ग्रॅम चुनखडीला अकरा ग्रॅम वायू! जुबे, हे वाळिंबे सरांनी सांगितलंच नाही." जुबेदा म्हणाली, "सांगितलं असेल. तू ओवी म्हणत असशील." मग पुढे विद्युतप्रवाहाची गणिते निघाली, तेथे जुबेदाने ऐसे सांगितले की धातूचे कण बैठकीला येतात त्यांस मानाचे विडे, म्हणजे विजेचे भार, लागतात, चांदीचा कण एका विड्यावर बसतो, तांब्याचा कण दोन विडे घेतल्याखेरीज बसत नाही, तेव्हा विडे मोजावे आणि मग बसलेले मोजावे. अनूस हे फार पसंत पडिले, कारण तिच्या गावी मानपानावरून लग्ने मोडलेली तिने पाहिली होती.

येणेप्रमाणे गणितांचा मुलूख हाती आला. राहिला विद्युतघट. तेथे एका पेल्यात जस्ताचा पत्रा, दुसऱ्या पेल्यात मोरचुदाच्या निळ्या पाण्यात तांब्याची पट्टी, दोहोंस बाहेरून तार जोडिली, आणि आतून मिठाच्या लगद्याने भरलेल्या वाकड्या नळीचा पूल घातला, ऐसे चित्र होते. अनूस तो पूल पटेना. ती म्हणाली, "तार तर जोडली आहे. वीज तारेतून जाते. मग ही नळी कशाला मध्ये?" जुबेदा म्हणाली, "पुस्तकात आहे म्हणून." अनू म्हणाली, "पुस्तकात होतं म्हणून तर मी नापास झाले. आता डोळ्यांनी बघितल्याशिवाय लिहायची नाही." जुबेदा म्हणाली, "प्रयोगशाळा फेरपरीक्षेवाल्यांना उघडत नाहीत." अनू म्हणाली, "मग आपली उघडू." आणि जुबेदा, जी आजवर कोणत्याही लफड्यात पडली नव्हती, तिच्या डोळ्यांत चमक आली, आणि तिने पेटीच्या तळातून मामूंनी दिलेले होकायंत्र काढिले, आणि म्हणाली, "याच्याभोवती तारेचे वेढे घालू. वीज गेली तर सुई सांगेल."

मग मोहिमेची सिद्धता जाहली. मोरचूद बाजारातील वाण्याकडे मिळाला, त्याने कशास हवा म्हणून पुसिले, तेव्हा जुबेदा म्हणाली, "आमच्या रेक्टरबाईंना कीड लागली आहे," आणि मग घाईने म्हणाली, "त्यांच्या गुलाबांना." जस्तासाठी बाईंच्या टॉर्चमधून फेकून दिलेले जुने सेल फोडिले आणि त्यांचा पत्रा बत्त्याने ठोकून सरळ केला. वेढ्यांची तार गडाच्या बंद पडलेल्या विजेच्या घंटेतून आली, आणि घंटा बंदच होती, तेव्हा तिला काही वाटले नाही. राहिले तांबे. बंब उचलून आणिता येत नव्हता. मग अनूची नजर देवघराकडे गेली. जुबेदा म्हणाली, "अनू, नको. पळी नको. बाई आपल्याला गडावरून ढकलतील." अनू म्हणाली, "दुपारी बाई झोपतात. संध्याकाळच्या आत परत ठेवू. नुसती बुडवायची तर आहे, पळी बुडवायसाठीच असते."

दिवस रविवारचा नेमिला, कारण त्याच दिवशी गडाचा वार्षिक भोजनसमारंभ होता आणि अवघी फौज पताका लावण्यात गुंतलेली होती. सायंकाळी प्रोफेसर वाळिंबे प्रमुख पाहुणे म्हणून यावयाचे होते, आणि बाईंनी नवलाई म्हणून चायना ग्रासची जेली करावयाची आज्ञा भागाबाईस दिली होती, आणि भागाबाईने ते पदार्थाचे नाव ऐकूनच हात जोडिले होते. अनूस इतकेच दिसले की मुदपाकखान्यात चायना ग्रासचे पुडके आहे, आणि पुस्तकात पुलाच्या नळीत तसलाच लगदा सांगितला आहे. ती भागाबाईस म्हणाली, "काकू, जेलीचं मी बघते, तुम्ही पुऱ्यांचं बघा," आणि भागाबाई म्हणाली, "देवासारखी आलीस गं पोरी." अनूच्या मनात ऐसे होते की आधी पुलापुरता लगदा शिजवावा आणि मग उरलेल्या पुडक्याची साखर घालून जेली करावी. तेव्हा तिने अर्धे पुडके पाण्यात विरघळविले, त्यात मूठभर मीठ घातिले, आणि लगदा नळीत भरिला. नळी कोठून आणिली हे विचाराल तर ती आजारखोलीच्या कपाटातील तांबडी रबरी नळी होती, आणि तिचा मूळ उपयोग बखरीत लिहिण्याजोगा नव्हे. उरलेला लगदा पातेल्यात तसाच राहिला आणि गार होऊन सुरेख थिजला.

इकडे खोलीत दोन पेले मांडिले. पळी मोरचुदात मानेपर्यंत बुडविली, जस्त खारट पाण्यात बुडविले, तारा जोडिल्या, आणि दोघींनी श्वास धरून होकायंत्राकडे पाहिले. सुई उत्तरेकडे तोंड करून बसली ती बसलीच. "बघ," जुबेदा म्हणाली, "काही होत नाही." मग अनूने लगद्याने भरलेली तांबडी नळी वाकविली आणि तिची दोन टोके दोन पेल्यांत सोडिली, आणि सुई गर्रकन फिरून पूर्वेकडे गेली. अनूने नळी काढिली, सुई परत फिरली. घातिली, पुन्हा पूर्वेस गेली. काढिली, घातिली, काढिली, घातिली, तेव्हा जुबेदा म्हणाली, "अगं, पूल आहे तो, पाळणा नव्हे. ठेव की आता." मग अनू खाटेवर बसली आणि हळूहळू बोलू लागली. "जस्त विरघळून पाण्यात उतरतं, म्हणजे या पेल्यात धन वाढणार. त्या पेल्यातलं तांबं पळीवर बसतं, म्हणजे तिकडं ऋण उरणार. दोन्हीकडं तुंबलं की सगळंच थांबणार. पुलातलं मीठ दोन्हीकडं जाऊन ते तुंबलेलं मोकळं करतं. जुबे, दादा असंच करतात गं. चारीत गाळ साठला की खालचं पाणी थांबतं, मग ते खोऱ्यानं वाट करून देतात. त्यांना हे लगेच कळलं असतं." आणि ऐसे बोलत दोघी इतक्या रमल्या की ऊन भिंतीवरून उतरले ते त्यांस कळलेच नाही, आणि अनूस जेलीची आठवण राहिली नाही.

मग सायंकाळची घंटा म्हणून थाळी वाजली, आणि अनूने धावत जाऊन पळी काढिली. पाहते तो मानेपर्यंतची वाटी कोवळ्या गुलाबी लाल रंगाची, आणि वरचा दांडा पहिल्यासारखा काळा. जुबेदाने पदराने पुसून पाहिले. निघाले नाही. अनू म्हणाली, "निघणार कसं? तांबं चढलंय ते." मग देवघरात जाऊन पळी ताम्हनात पालथी ठेविली आणि वर तुळशीपत्र टाकिले, आणि देवाकडे न पाहता बाहेर आल्या. खाली पंगत बसली होती. भागाबाईची रीत ऐशी की नैवेद्य दाखविण्याआधी पदार्थाची चव घ्यावयाची नाही, आणि समारंभाच्या दिवशी नैवेद्य दाखविताच लगेच वाढावयास घ्यावयाचे. तिने पातेल्यात थिजलेली जेली पाहिली, गुणी पोरीने वेळेत केली म्हणून आशीर्वाद दिला, तिच्या वड्या पाडिल्या, वर ओले खोबरे आणि वेलची घातली, आणि पहिली वाटी प्रमुख पाहुण्यांस दिली. अनू पंगतीत आली तेव्हा वाळिंबे सरांचा चमचा तोंडात होता.

सरांचे तोंड थांबले. बाई हर्षाने म्हणाल्या, "मुलींनी स्वतः केली आहे हो." सरांनी घास गिळिला, पाणी प्याले, वाटीत निरखून पाहिले आणि म्हणाले, "रेवडेकरबाई, हा पदार्थ मी पंचवीस वर्षं करतो आहे. खाल्ला आज." बाई म्हणाल्या, "म्हणजे?" सर म्हणाले, "मीठ आणि चायना ग्रास. हा विद्युतघटाचा पूल आहे. कोणी केला?" पंगतीत ऐसी शांतता जाहली की पुरी फुगलेली ऐकू यावी. जुबेदाने अनूचा पदर धरिला. परंतु अनू उभी राहिली आणि म्हणाली, "मी केला सर. पेढ्यासारखा खायला नव्हता केला." सर म्हणाले, "ते चवीवरून कळलं. काम केलं का त्यानं?" "केलं सर. पूल नव्हता तेव्हा सुई हलली नाही. घातला तेव्हा फिरली. मग काढून बघितला." "काढूनही बघितलास?" सरांचा आवाज अधिकच बारीक जाहला. "काचेची नळी कुठून आणलीस?" अनूने बाईंकडे चोरून पाहिले. "बोल ना." अनू म्हणाली, "काचेची नव्हती सर. रबरी होती. आजारखोलीतली." हे ऐकून बाईंना ठसका लागला, आणि तो ठसका भागाबाईने पाठीवर थापट्या मारूनही थांबेना, आणि सरांनी पुढची वाटी हळूच बाजूस सारिली. ठसका थांबल्यावर बाईंनी सपाता सावरिल्या आणि विचारिले, "आणि तांबं कुठून आणलंस, अनसूया?"

पुढे जे जाहले ते फार आवाज करून जाहले नाही, म्हणून अधिक भयंकर होते. बाईंनी देवघरातून पळी आणिली, दिव्याखाली धरिली, वाटी पाहिली, दांडा पाहिला, आणि म्हणाल्या, "आईची आहे ही." अनू म्हणाली, "बाई, झिजली नाही ती. उलट वाढली—" "गप्प बैस. उद्या वडिलांना पत्र टाकते. घरी घेऊन जा म्हणावं." पत्र गेले म्हणजे शेवंताच्या हाती सुईदोरा आला. तेव्हा वाळिंबे सरांनी मध्यस्थी केली. ते म्हणाले, "बाई, गुरुवारी हिची फेरपरीक्षा आहे. तोवर पत्र थांबवा." बाई म्हणाल्या, "आणि पास झाली तर?" सर म्हणाले, "तर काय करायचं ते तुम्ही ठरवा. नापास झाली तर तुमचं पत्र आणि माझं पत्र एकाच पाकिटात घालू, टपाल वाचेल." बाईंनी पळी पदराखाली घेतली आणि म्हणाल्या, "बरं. गुरुवारपर्यंत."

मग गुरुवार उजाडला आणि अनू रसायन खात्याच्या रिकाम्या वर्गात एकटी बाकावर बसली, आणि सर समोर वर्तमानपत्र धरून बसले. पहिला प्रश्न ऐसा होता: विद्युतघटातील पूल काढून घेतल्यास, अथवा पाहुण्यांनी खाल्ल्यास, काय होईल ते कारणांसह लिहा. अनूने वर पाहिले. वर्तमानपत्र हलत होते. तिने पान भरून लिहिले, आणि त्यात जस्त आले, तांबे आले, आणि गाळ साठलेली चारीही आली. दुसरा प्रश्न गणिताचा: एका तांब्याच्या पळीवर अमुक इतका प्रवाह अमुक इतका वेळ सोडिला, तर किती तांबे चढेल. अनूने प्रवाह आणि वेळ गुणिले, भागिले, आणि तिचा हात आपोआप धावू लागला, कारण पुस्तकात हुबेहूब ऐसेच एक गणित होते, चमच्यावर चांदी चढविण्याचे, आणि त्याची ओवी तिच्या तोंडी होती. ओवी संपली, उत्तर खाली उतरले, आणि ती दोन रेघा ओढणार तोच थांबली. तिला खोलीतली पळी दिसली. चांदी नव्हे, तांबे. तांब्याचा कण दोन विड्यांशिवाय बसत नाही. म्हणजे इतक्या विड्यांत निम्मेच कण बसले. तिने उत्तर खोडिले, कण निम्मे केले, चांदीचा अणुभार काढून तांब्याचा घातिला, पुन्हा वरून पडताळिले, आणि मग रेघा न ओढताच कागद दिला. सरांनी उभ्या उभ्या वाचिला. चष्मा पुसिला आणि म्हणाले, "हे काय खोडलंय?" अनू म्हणाली, "पाठ होतं ते सर." सर म्हणाले, "छान खोडलंय," आणि कागदावर तांबडी रेघ न मारता सही केली, आणि म्हणाले, "फॉर्मला फोटो लागतो. वेणी नीट घालून काढ."

मग युनिव्हर्सिटीची स्वारी आली आणि गेली. निकालात अनसूया गव्हाणे यांचे नाव अगदी वर नव्हते आणि अगदी खालीही नव्हते, आणि रसायनात तर तिचे गुण जुबेदाहून थोडेच कमी होते, यावरून दोघींचे भांडण आणि मग समेट जाहला. दादांनी शेवंताचे नाव घातिले. नवे वर्ष सुरू जाहले आणि दादा धाकटीची पेटी डोक्यावर घेऊन गडाच्या दरवाजाशी आले, आणि अनू त्यांस घ्यावयास खाली आली, तो सपातांचा आवाज न होता बाई प्रकट जाहल्या. मधल्या काळात बाईंनी त्या पळीविषयी एक अक्षर काढिले नव्हते, आणि अनूस वाटे की ती कोठे अडगळीत गेली. बाईंनी शेवंताकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिले आणि विचारिले, "ही धाकटी? पेटीत रबरी नळी वगैरे काही नाही ना?" शेवंता भांबावून म्हणाली, "नाही बाई, चिवडा आहे." बाई म्हणाल्या, "चिवडा चालेल." मग त्यांनी पदराखालून पळी काढिली. वाटी तशीच लाल होती, नीट पुसलेली, आणि दांडा काळा. त्या अनूस म्हणाल्या, "रोज पूजेत घेते. देवाला काय वाटत असेल कोण जाणे, अर्धी लाल, अर्धी काळी. चिंचेनं झिजते, आणि तुझ्या त्या पद्धतीनं वाढते म्हणालीस ना?" अनू म्हणाली, "हो बाई. वाढते." बाईंनी पळी तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मग दांडाही बुडव. आणि अनसूया, नळी काचेची घे."

येणेप्रमाणे पराभव नाम संवत्सरात जी लढाई हरलेली होती ती जिंकली गेली. एक पाटकऱ्याची लेक शिकली, दुसरी शिकावयास आली, आणि शिवणाचा क्लास एका संकटातून वाचला. तांबे किती चढले हे कोणी तोलिले नाही. पळी सबंध लाल जाहली एवढे खरे, आणि त्या गडावर जेली पुन्हा कधी जाहली नाही. जाणत्यांनी चूक असेल तेथे खोडावे, आणि छान खोडावे. इति.